मिरची तेव्हा नव्हती

औशाच्या किल्ल्यात शूटिंग आणि मी इतिहास सल्लागार.
रोजचे दीड हजार, जेवण त्यांचं,
बसायला प्लास्टिकची खुर्ची, फ्रेमच्या बाहेर.
काळ पंधराव्या शतकाचा.
राणी कल्पनेतली, किल्ला खरा.

पहिल्याच दिवशी म्हणालो, टोपलीतले टोमॅटो काढा,
टोमॅटो अजून समुद्रापलीकडे आहेत.
"चालतंय सर, लाल रंगानं फ्रेम भरते."
म्हणालो, दारावरची मिरच्यांची माळ उतरवा,
मिरचीचं गलबत अजून निघालेलंसुद्धा नाही.
"कोण मोजतंय सर?"
दासींच्या नऊवारीला मागून चेन होती.
खंदकाच्या शेवाळात वेफर्सचं पाकीट,
तेवढं मीच काठीनं ओढून काढलं.
बाकी वहीत लिहीत गेलो.
वही कुणी मागितली नाही.

चौथ्या दिवशी लातूरहून एक मुलगी आली.
प्रज्ञाशीला वाघमारे. एकांकिका स्पर्धेत दोनदा पहिली.
काळी.
रानातल्या मातीसारखी वगैरे नाही,
काळी. उपमा नको.
तटावर उभी राहून तिनं राणीचा उतारा वाचला,
माईकशिवाय.
जनरेटरवाल्यानं आपण होऊन जनरेटर बंद केला,
"काय बोलालंय लेकरू!" एवढंच म्हणाला.

मग सगळे माझ्याकडे वळले,
चार दिवसांत पहिल्यांदा.
"सर, ही इतिहासात बसेल का?"

मी चष्मा पुसला, हे माझं जुनं उत्तर.
आठवले वाळवीनं खाल्लेले कागद:
किती घोडे, किती खंडी ज्वारी, मिठाचा भाव,
कुठल्या पाटलानं सारा बुडवला.
राण्यांचा रंग कुणी लिहून ठेवलेला नाही.
आपल्या डोळ्यांतल्या राण्या कॅलेंडरवरच्या,
गालांवर छापखान्याचा गुलाबी.

पण तेवढ्यावर सुटका नव्हती.
तिच्या घरच्यांना तेव्हा या दरवाजातून
आत घेतलं असतं का?
वेशीबाहेर ठेवलं असतं, आणि तोही इतिहासच.
तो पुसून तिच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा,
की तो सांभाळत बसून
तिला पुन्हा बाहेर उभं करायचं?
तीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न एकाही पेपरात काढला नाही.

ती जवळ आली.
"ओळखलं नाहीत सर. कसं ओळखणार म्हणा.
आई तुमच्या शाळेत होती. पद्मिन, नववी ब.
गॅदरिंगला पडदा ओढायची.
सगळ्यांचे संवाद पाठ असायचे तिला,
राणीचेसुद्धा."

पडदा आठवला. निळा, दोरी अडकायची.
दोरी ओढणारी आठवेना.
राणी लख्ख आठवली, पोस्टमास्तरांची मुलगी,
मीच निवडलेली, गोरी म्हणून.
ऐनवेळी वाक्य विसरायची
आणि पडद्यामागून कुणीतरी हळूच सांगायचं.
कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं.

वहीचं पान फाडून लिहून दिलं:
"रंगाबाबत पुरावा नाही. होता याचा नाही, नव्हता याचाही नाही.
वेशीबाबत आहे. तो प्रसंग कथेत घ्यावा.
टोमॅटोबाबतही आहे."
खाली सही, तारीख.

मुंबईला फोन लागेना. बुरुजावर रेंज नाही.
दिग्दर्शक खाली कुणाच्या तरी हरभऱ्यात उभा राहून
हॅलो हॅलो करत होता.
आम्ही तोफेच्या सावलीला बसलो.
तिनं डबा उघडला,
ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.
"घ्या सर. भाकरी तेवढी तुमच्या काळातली,
बाकीचं माझ्यासारखंच."

शेंगदाणेही नव्हते, मी सांगणार होतो,
पण तोंडात घास होता,
नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं
आणि खालून अजून हॅलो हॅलो ऐकू येत होतं.